वेगळी चूल आणि थोरलें घर

एकत्र कुटुंबांत कलह होतात ते बहुधा दागदागिन्यांवरून होत नाहींत. ते होतात किल्लीवरून. कोठीच्या खोलीची किल्ली ज्या माउलीच्या कमरेला असते ती घरांत सर्वांहून अधिक राबत असते, ह्यांत शंका नाहीं. लोणच्याची कोणती बरणी आधीं काढावयाची, कोणत्या डब्यांत जुने तांदूळ व कोणत्यांत नवे, श्राद्धपक्षाचें साहित्य कोठें ठेविलें आहे, हें सारें तिला मुखोद्गत असतें. सुनांनीं मदतीचा हात पुढें केला कीं ती म्हणते, ‘‘राहूं द्या, तुम्हांला नाहीं जमायचें, मीच करतें झटपट.’’ हें बोलणें दुष्टपणाचें नसतें, काळजीचें असतें. परंतु वर्षांमागून वर्षें असेंच चाललें म्हणजे दोन गोष्टी घडतात. ती माउली थकते, आणि सुना शिकत नाहींत. मग एके दिवशीं एखादी सून वेगळी चूल मांडते व लोक म्हणतात, घर फुटलें. वास्तविक घर त्या दिवशीं फुटलेलें नसतें. किल्ली एकाच कमरेला राहिली तेव्हांपासूनच तें चिरत आलेलें असतें.

हा प्रश्न केवळ माजघरापुरता आहे असें मात्र कोणीं समजूं नये. जगांतील अत्यंत बुद्धिमान माणसांनीं, अत्यंत उदार हेतूनें उभारलेल्या एका थोरल्या घरांतही हाच प्रसंग उद्भवला होता. तो कसा उद्भवला आणि कसा निवळला, ही हकीकत ह्या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावयाची आहे. ज्या घरांतील मुलेंबाळें संगणकाच्या कामावर पुण्यास, बंगळुरास किंवा अमेरिकेंत आहेत, त्या घरांना तर ती विशेष ठाऊक असावयास हवी. कारण त्या मुलांचें अन्न ह्याच घरांत शिजतें.

संगणकाला आज्ञा द्यावयाच्या त्या माणसाला वाचतां येईल अशा एका नियमबद्ध भाषेंत लिहितात. ह्या लिखाणास आपण ‘मूळ संहिता’ म्हणूं. यंत्राला मात्र ती भाषा कळत नाहीं. त्याला शून्य आणि एक ह्यांचीच बाराखडी ठाऊक. तेव्हां मूळ संहितेचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणारा एक दुभाषी मध्यें लागतो. त्यास कंपायलर म्हणतात. कंपायलर हा स्वतः सुद्धां एक संहिताच असतो. सुताराच्या पेटींत पटाशी, रंधा, करवत अशीं हत्यारें असतात. परंतु तीं सर्व हत्यारें ज्या भट्टींत घडलीं ती लोहाराची भट्टी वेगळी. कंपायलर ही अशी भट्टी आहे. ती बिघडली तर तिच्यांतून निघणारें प्रत्येक हत्यार बिघडेल, आणि ती थांबली तर सगळा गांवच थांबेल.

रिचर्ड स्टॉलमन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १९८३ सालीं ग्नू ह्या उपक्रमाची घोषणा केली. संगणकावरील सर्व संहिता कोणासही चालवितां, वाचतां, सुधारतां व दुसऱ्यास देतां आली पाहिजे, हा त्याचा आग्रह. ह्या उपक्रमांतील कंपायलर १९८७ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचें नांव जीसीसी. त्याच्या परवान्यांत अशी अट घातलेली होती कीं, हें ज्ञान घेऊन जो तें बदलून पुढें वाटील त्यानें आपले बदलही तसेच खुले ठेवावे. विद्या दिल्यानें वाढते हें आपण सुभाषितांत म्हणतों. ह्या गृहस्थानें तें कायद्याच्या भाषेंत उतरविलें. पुढें १९९१ सालीं लायनस टोरवाल्ड्स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला, तोही ह्याच भट्टींत घडूं लागला. आज आपल्या खिशांतील अँड्रॉइड फोनपासून मोठमोठ्या पेढ्यांच्या यंत्रांपर्यंत जेथें जेथें लिनक्स आहे तेथें तेथें ह्या परंपरेचा अंश आहे.

आतां सूक्ष्म मुद्दा येतो, तो वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. जीसीसीची संहिता सर्वांस खुली होती; परंतु ती घडविण्याचें काम खुलें नव्हतें. नवी आवृत्ति निघाली म्हणजे ती कोणीही घ्यावी, वाचावी, वापरावी. पण एका आवृत्तीपासून दुसऱ्या आवृत्तीपर्यंतच्या काळांत आंत काय चाललें आहे हें थोड्या मंडळींनाच ठाऊक असे. पोथी वाचावयास सर्वांना मोकळीक, लेखणी मात्र दोघांतिघांच्या हातीं, असा हा प्रकार. एरिक रेमंड ह्या लेखकानें १९९७ सालीं एक निबंध लिहून ह्या दोन पद्धतींना नांवें दिलीं: एक कॅथेड्रल, म्हणजे मोजक्या कारागिरांनीं दारें लावून बांधलेलें देवालय, दुसरी बाजार. पहिल्या पद्धतीचें उदाहरण म्हणून त्यानें जीसीसीचेंच नांव घेतलें.

राखणदारांची बाजूही न्यायानें सांगितली पाहिजे. भट्टींत चुकीचा कोळसा पडला तर नुकसान एका घराचें नव्हे, सगळ्या गांवाचें. कोणा उत्साही माणसानें पाठविलेली दुरुस्ती एका जातीच्या यंत्रावर उत्तम चालेल आणि दुसऱ्या दहा जातींच्या यंत्रांवर चुकीचें रूपांतर करील. आणि कंपायलरची चूक अशी चमत्कारिक कीं लिहिणाराला वाटतें चूक आपलीच आहे. म्हणून ते सावध होते. परंतु सावधपणाला मर्यादा राहिली नाहीं म्हणजे तो अडवणुकीचें रूप घेतो, मग अडविणाऱ्याचा हेतु कितीही शुद्ध असो. १९९० नंतरच्या दशकांत सी-प्लसप्लस ही नवी भाषा झपाट्यानें बदलत होती, पेंटियम ही नवी यंत्रें आलीं होतीं, फोरट्रान ह्या जुन्या शास्त्रीय भाषेसाठीं स्वतंत्र खटपट चालू होती. ज्यानें त्यानें आपापली दुरुस्ती करून पाठवावी आणि वाट पाहात बसावें. शेवटीं प्रत्येकानें आपल्या गरजेपुरती वेगळी प्रत बाळगण्यास आरंभ केला. एकाच घरांत चार चुली झाल्या, आणि चारही चुलींवर तेंच वरण पुन्हां पुन्हां शिजूं लागलें.

ऑगस्ट १९९७ मध्यें ह्यांपैकीं कांहीं मंडळी एकत्र आलीं व त्यांनीं ह्या विखुरलेल्या प्रती एकवटून एक उघडा फाटा काढला. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार ते ‘एग्ज’, म्हणजे अंडीं, असा करीत. शाकाहारी वाचकांनीं दचकूं नये. अंडें तेथें केवळ नांवांतच होतें. ह्या फाट्याची पहिली आवृत्ति त्याच वर्षीं डिसेंबरांत निघाली. येथें चालू काम कोणालाही पाहतां येई, चर्चा उघड्यावर चाले, आणि दुरुस्ती नाकारली तर ती कां नाकारली हेंही सर्वांच्या देखत सांगावें लागे.

आतां ह्या वेगळ्या चुलीचें खरें शहाणपण कशांत होतें तें पाहा. त्यांनीं परवाना बदलला नाहीं. आपण लिहिलेल्या भागाचे हक्क मूळ संस्थेच्या, म्हणजे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्याच, नांवें करून देण्याची जुनी चाल त्यांनीं मोडली नाहीं. थोरल्या घरांत होणाऱ्या सुधारणा ते आपल्याकडे घेत राहिले. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर चूल वेगळी मांडली, पण देव वाटून घेतले नाहींत. कुळधर्म एकच ठेविला. त्यामुळें परत येण्याची वाट शिल्लक राहिली. एप्रिल १९९९ मध्यें फाउंडेशननें मोठ्या मनानें जुन्या शाखेचें काम थांबविलें, ह्या उघड्या फाट्यालाच अधिकृत जीसीसी म्हणून मान्यता दिली, आणि कारभार त्याच्या सुकाणू समितीकडे सोंपविला. जुलै १९९९ मध्यें २.९५ ही एकत्र झालेली आवृत्ति बाहेर पडली. धाकट्या चुलीचेंच थोरलें घर झालें. आणि विशेष हें कीं त्यांत कोणी हरलें असें म्हणावें लागलें नाहीं.

उघडें म्हणजे मोकाट असा अर्थ मात्र कोणीं काढूं नये. जीसीसींत आजही कोणीही येऊन वाटेल तें लिहूं शकत नाहीं. संहितेच्या निरनिराळ्या भागांना निरनिराळे जाणते राखणदार आहेत. प्रत्येक दुरुस्ती वाचली जाते. शिवाय पूर्वींच्या चुका पुन्हां उद्भवल्या नाहींत ना हें पाहणारी परीक्षांची एक मोठी मालिका प्रत्येक बदलानंतर चालवितात. सुकाणू समितींत जो बसतो तो आपल्या कंपनीचा मुनीम म्हणून बसत नाहीं, असा तेथील दंडक आहे. सोंवळें आहे, परंतु सोंवळें कशानें होतें व कशानें मोडतें हें भिंतीवर लिहून ठेविलेलें आहे, म्हणून ज्याची इच्छा असेल त्यास स्नान करून आंत येतां येतें. नियम गुप्त असले म्हणजे त्या सोंवळ्याचा नुसता धाक होतो; नियम प्रसिद्ध असले म्हणजे त्याची शिस्त होते. जुन्या नियमांनाही येथें अखंडत्व मानलेलें नाहीं. लिहिलेल्या भागाचे हक्क फाउंडेशनच्या नांवें केलेच पाहिजेत ही अट २०२१ सालीं सैल करण्यांत आली. हें लिखाण देण्याचा मला अधिकार आहे असें प्रतिज्ञापूर्वक कळविलें तरी आतां चालतें.

दार उघडलें तरी एक दुसरें दार राहतें, तें समजुतीचें. लक्षावधि ओळींची संहिता चव्हाट्यावर मांडली, पण ती कोणाला उलगडत नसेल, तर ती उघडी असून काय उपयोग? जीसीसीची आंतली रचना अवघड आहे. आणि तिचे सुटे भाग काढून कोणी बंदिस्त मालांत घालूं नयेत म्हणून ती जाणूनबुजून तशी राखली गेली होती. ह्याच सुमारास, २००० सालीं, अमेरिकेंत इलिनॉय विद्यापीठांत ख्रिस लॅटनर हा विद्यार्थी व मुंबईच्या आयआयटीचे जुने विद्यार्थी प्राध्यापक विक्रम अडवे ह्यांनीं एलएलव्हीएम ही नवी रचना आरंभिली. तिचे भाग सुटसुटीत असल्यामुळें नवी मंडळी तिकडे ओढलीं गेलीं. त्यानंतर जीसीसीनेंही परवान्यांतील अपवाद सुधारून बाहेरचे जोडभाग आंत बसविण्याची सोय केली व ती २०१० च्या आवृत्तींत आली. शेजाऱ्याच्या अंगणांत मुलें खेळूं लागल्यावर आपल्याही अंगणांतील कांटे काढावेसे वाटतात, तें असें.

ह्या समजुतीच्या दाराशीं आपल्या महाराष्ट्रांतही काम झालें आहे. पवई येथील आयआयटीमध्यें प्राध्यापक उदय खेडकर ह्यांच्या पुढाकारानें जीसीसीच्या अभ्यासासाठीं एक केंद्र उभें राहिलें. २०१० च्या सुमारास तेथें कार्यशाळा भरवून, ह्या अरण्यांत प्रवेश कसा करावयाचा, कोणती वाट कोठें जाते, कोणता भाग कोणापासून आपोआप निर्माण होतो, हें विद्यार्थ्यांस क्रमशः शिकविण्यांत आलें. संहिता लिहिणारास नांव मिळतें, ती समजावून सांगणारास क्वचितच मिळतें. तरी माझ्या मतें भाष्यकाराची योग्यता सूत्रकाराहून उणी नव्हे.

हें मत नवें नाहीं. पाणिनीनें सुमारे चार हजार सूत्रांत संस्कृत भाषेचें व्याकरण बांधलें. त्याच्या पूर्णतेपुढें जग आजही नतमस्तक होतें. परंतु आपल्या पूर्वजांनीं त्या सूत्रांभोंवतीं कुंपण घातलें नाहीं. कात्यायनानें वार्तिकें लिहून ‘येथें हें राहिलें, येथें असें म्हणावयास पाहिजे’ अशा दुरुस्त्या सुचविल्या. पतंजलीनें महाभाष्यांत सूत्र व वार्तिक ह्या दोहोंची तपासणी केली. कोठें वार्तिककाराची बाजू घेतली, कोठें ‘सूत्रांतच हें सामावलें आहे, दुरुस्तीचें कारण नाहीं’ असें दाखवून दिलें. आणि पुढील वैयाकरणांनीं दंडक ठरविला कीं, तिघांत मतभेद झाल्यास उत्तरोत्तर मुनीचें वचन अधिक प्रमाण मानावें. ज्या परंपरेस आपण स्थितिशील म्हणतों तिनें आपल्या सर्वांत मूलभूत साधनाच्या बाबतींत शेवटचा शब्द नंतर येणारास दिला! आणि पाणिनीचें नांव त्यामुळें उणें झालें नाहीं. सूत्रें त्याचींच म्हणून राहिलीं.

अलीकडचें उदाहरण पुण्याचें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस हात घातला. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर ह्यांनीं १९२५ पासून संपादनाची धुरा वाहिली. त्यांच्यामागून इतरांनीं ती उचलली, आणि १९६६ सालीं ग्रंथ पुरा झाला. बाराशेंहून अधिक हस्तलिखितें त्यासाठीं पाहण्यांत आलीं. ह्या आवृत्तीचा खरा मोठेपणा तिच्या तळटीपांत आहे. संपादकांनीं कोणता पाठ घेतला हें तर दिलेंच, पण कोणकोणते सोडले तेही पानाच्या तळाशीं मांडून ठेविले. ज्यास निर्णय पटणार नाहीं त्यानें तेथल्या तेथें पुरावा पाहावा आणि वाद करावा. नाकारलेलेंही जपून ठेवणें, हीच तर खुल्या कामाची खूण.

‘‘दार उघडें ठेविलें म्हणजे चोर येतो, त्याचें काय?’’ असें कोणी विचारील. येतो, आणि आला. २०२४ सालची गोष्ट सांगतों. एक्सझी नांवाचें, माहिती आवळून लहान करणारें एक साधन लिनक्सवर सर्वत्र असतें. फिनलंडमधील एक स्वयंसेवक तें वर्षानुवर्षें जवळजवळ एकट्यानें सांभाळीत होता आणि थकला होता. २०२१ पासून जिया टॅन असें नांव धारण करणारी एक व्यक्ति मदतीस आली. चांगलें काम करून तिनें विश्वास मिळविला. त्याच वेळीं कांहीं अनोळखी नांवांनीं त्या थकलेल्या राखणदारामागें, ‘काम मंद चाललें आहे, दुसऱ्यास हक्क द्या’ असा तगादा लाविला. अखेर किल्ली मिळाली, आणि २०२४ च्या आरंभीं त्या मदतनिसानें साधनांत एक चोरवाट खोदली. मार्च महिन्यांत आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यास आपल्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब होतो असें जाणवलें. त्यानें त्या अर्ध्या सेकंदाचा पाठपुरावा केला आणि चोरी उघडकीस आली.

ह्यावरून दार बंद करावें असें कित्येकांचें मत झालें. मला त्यांतून उलट बोध होतो. चोर उघड्या दारानें आला नाहीं. तो एकट्या माणसाच्या थकव्यानें आला. तेथें चार जाणतीं माणसें पहाऱ्यास असतीं तर तगाद्याला कोणी भीक घातली नसती. शिवाय त्या चोरवाटेचा एक महत्त्वाचा तुकडा सर्वांस दिसणाऱ्या संहितेंत नव्हताच. तो तयार करून वाटलेल्या गांठोड्यांत होता. म्हणजे चोरालाही लपावयास अंधारच हवा होता. आणि तो सांपडला तो अशासाठीं, कीं संशय आलेल्या परक्या माणसास आंत शिरून पाहण्याची मुभा होती. घराला बाहेरच्या चोराइतकेंच आंतल्या एकटेपणाचेंही भय असतें.

आमच्या अंबाडीच्या आसपास भाताची लावणी ऐन पावसांत उरकावी लागते. तेव्हां शेतकरी सावड करतात. आज तुझ्या खाचरांत, उद्यां माझ्या. मजुरी कोणी कोणास देत नाहीं, तरी कोणी फुकटही राबत नाहीं. आपला दिवस येणार हा भरंवसा हीच मजुरी. ज्याच्या खाचरांत सर्वांनीं राबावें आणि ज्यानें मात्र दुसऱ्याच्या बांधावर पाऊल ठेवूं नये, त्याच्याकडे पुढल्या वर्षीं कोण जाईल? संहितेच्या खाचरांतील स्वयंसेवकाचेंही असेंच आहे. त्याला पैसा नको असतो. त्यानें रात्रीं जागून पाठविलेली दुरुस्ती कोणीतरी वाचली आणि बरें-वाईट उत्तर आलें, एवढें त्याचें वेतन. नकार त्याला सोसतो; मौन सोसत नाहीं.

म्हणून ज्यांच्याजवळ कोणत्याही किल्ल्या आहेत, मग त्या कोठीच्या असोत, गांवच्या वाचनालयाच्या असोत, देवस्थानच्या हिशेबाच्या असोत कीं एखाद्या कंपायलरच्या, त्यांना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. जें मुखोद्गत आहे तें लिहून काढावें. नाहीं म्हणावयाचें तर कारण सांगून म्हणावें. हातपाय धड आहेत तोंवर किल्ली दुसऱ्याच्या हातीं देऊन पाहावी. टोरवाल्ड्सनें गिट हें आपलें साधन एप्रिल २००५ मध्यें निर्माण केलें आणि जुलैंतच जुनिओ हमानो ह्या जाणत्या गृहस्थाच्या स्वाधीन केलें, त्यामुळें तें साधन वाढलें आणि टोरवाल्ड्सचें कांहीं उणें झालें नाहीं. आणि कोणी वेगळी चूल मांडलीच तर तिच्याकडे जाणारी पायवाट बुजूं देऊं नये. कदाचित् उद्यांचें थोरलें घर तेंच असेल.

तरुण वाचकांस एवढेंच सांगणें कीं, ज्या भट्टींत तुमचीं हत्यारें घडतात ती एकदां तरी आंत जाऊन पाहा. आपल्यांतील हजारों मुलेंमुली ह्या खुल्या साधनांवर उपजीविका करतात. त्यांपैकीं मूळ संहिता वाचणारे थोडे, आणि तींत एक ओळ सुधारून परत देणारे त्याहून थोडे. ऋषिऋण फेडावें असें आपण लहानपणापासून ऐकत आलों. स्वाध्यायानें तें फिटतें असें शास्त्र सांगतें. ह्या युगांतील एक स्वाध्याय हाही आहे, आणि त्याला उपनयनाचें किंवा वयाचें बंधन नाहीं. सासुरवाशिणीनें दुपारच्या निवांत वेळीं केला तरी तो तितकाच फलद्रूप होईल.

अंबाडी, ता. भिवंडी